जळूताईचा रविवार

भांडण फक्त तीन तासांचं होतं. रविवारी दुपारी तीन ते सहा. आठवड्याच्या उरलेल्या एकशे पासष्ट तासांवर कुणी हक्क सांगत नव्हतं, कारण ते आधीच वाटले गेले होते: रक्तपेढीतली नोकरी, घर, झोप आणि आई.

आईचं मांडीचं हाड मोडलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. हाड जुळलं, पण आईचा धीर काही जुळला नाही. वॉकर धरून ती बाथरूमपर्यंत जायची, तेही कुणी मागे उभं असेल तरच. सोमवार ते शनिवार दिवसभर तिच्याजवळ एक बाई असायच्या आणि त्या गेल्या की धाकटी लेक. रविवारी बाईंना सुट्टी. तेव्हा रविवारचे तीन तास थोरल्या भावाकडे, असं ठरलं होतं, आणि ठरवलं होतं त्यानंच. दवाखान्यातून आईला घरी आणलं त्या दिवशी चार माणसांसमोर तो म्हणाला होता, "चिमे, तीन ते सहा मी आहे. त्या वेळात तू मोकळी."

चिमी म्हणजे ही धाकटी. वय एक्कावन्न. केस पांढरे, चष्मा जाड. रक्तपेढीत चोवीस वर्षं तिनं रुग्णाचं आणि दात्याचं रक्त जुळतं का ते तपासलं होतं. पण घरात एकदा चिकटलेलं नाव निघत नाही.

मोकळ्या तीन तासांत ती काय करायची, तर खेळायची. संगणकापुढे बसायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि एका भल्यामोठ्या काल्पनिक मुलखात शिरायची. तिथे किल्ले होते, दऱ्या होत्या, राक्षस होते आणि तिच्यासारखीच आपापल्या घरी बसलेली हजारो माणसं होती. सात वर्षांपूर्वी रक्तपेढीतलं रक्त फिरवायचं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीला आलेला माणूस सुटा भाग येईपर्यंत कोपऱ्यात बसून हाच खेळ खेळत होता. ती मागे उभी राहून बघत राहिली. भाग आला, यंत्र फिरलं, माणूस गेला. हिच्या डोक्यातून खेळ काही गेला नाही.

खेळात ती वैद्य होती. तलवार नाही, धनुष्य नाही. इतरांच्या जखमा भरायच्या आणि त्यांना मरू द्यायचं नाही, एवढंच काम. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं विचार केला, की दूषित रक्त शोषून माणसाला बरं करणारा सगळ्यात जुना जीव कोणता, आणि 'जळू' असं लिहून टाकलं. टोळीतले लोक तिला 'जळूताई' म्हणू लागले. कुणी पहिल्यांदा ऐकलं की हसायचं. दुसऱ्या लढाईनंतर हसायचं नाही.

टोळी बारा जणांची. सगळ्यांत पुढे ढाल घेऊन उभा राहायचा तो लोहार. खऱ्या आयुष्यात तो मालट्रक चालवायचा आणि रविवारी कुठल्यातरी धाब्यावर किंवा गोदामाबाहेर गाडी लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा. आगीचे गोळे फेकायची ती ठिणगी. दातांच्या दवाखान्यात कामाला, नुकतं लग्न झालेलं. तीर मारायचे ते बगळा सर. गणिताचे निवृत्त शिक्षक. बाकीचे आठ जण बोलायचे कमी, पण वेळेवर यायचे.

गेले नऊ रविवार ही बारा माणसं एकाच ठिकाणी मार खात होती. किल्ल्याच्या पुलावर एक दगडी राक्षस बसलेला असे. तो ओरडला की अख्खा पूल हलायचा. त्याचं जे काय नाव होतं ते मागे पडलं आणि ठिणगीनं ठेवलेलं राहिलं: सासरेबुवा. हे सासरेबुवा दर वीस सेकंदांनी कुणा एकाच्या अंगावर काळा ठिपका टाकायचे. चार सेकंदांत तो ठिपका काढला नाही, तर ज्याच्या अंगावर तो पडला तो मरायचा आणि शेजारच्यांनाही घेऊन जायचा. ठिपका काढायची विद्या एकट्या जळूकडे होती.

याचा अर्थ साधा होता. लढाईची नऊ मिनिटं जळूताई खुर्चीतून उठू शकत नव्हती.

आणि ती उठत होती. नऊ रविवारांत एकतीस प्रयत्न झाले. त्यांतले अकरा ती मध्येच उठल्यामुळे बुडाले, हे तिनंच वहीत टिपून ठेवलं होतं. टिपायची सवय नोकरीतली. दादा यायचा खरा. पण साडेतीनला यायचा, आईच्या खोलीतल्या खुर्चीत बसून मोबाइल बघायचा, बघता बघता घोरायचा. आईनं "चिमे" अशी हाक मारली की त्याला आधी जाग यायची नाही, आणि आली तरी तो आतूनच ओरडायचा, "चिमे, आई बोलावतेय गं." जणू हाक तिच्यापर्यंत पोचवणं हेच त्याचं काम. ती उठायची. पाणी, उशी, पंखा, चष्मा. परत यावं तर पुलावर अकरा प्रेतं पडलेली.

कुणी तिला बोलत नसे. लोहार म्हणायचा, "चला, पुन्हा." ते न बोलणंच तिला जास्त लागायचं.

महिना संपला की किल्ल्याचं दार बंद होणार होतं. पुढच्या हंगामात नवा किल्ला, नवा राक्षस; सासरेबुवा कायमचे अजिंक्य. दोन रविवार उरले होते.

त्यांतल्या पहिल्या रविवारी दादा तीन वाजून दहा मिनिटांनी आला, पण आईकडे गेला नाही. हिच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"चिमे, जरा बोलायचंय."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "सहानंतर बोलू या, दादा."

"सहापर्यंत मी थांबत नाहीये. तेच सांगायला आलोय. यापुढे रविवारचं मला जमणार नाही. तुझ्या वहिनीचं म्हणणं बरोबर आहे. आठवड्यातला एक दिवस तरी माणसानं आपल्या घरी असावं."

"तीन तास तर आहेत."

"तीन तास, आणि जायचा-यायचा वेळ कोण धरणार? आणि तू कुठे बाहेर जातेस? तू घरातच असतेस. दार उघडं ठेवायचं, मधूनमधून तिच्याकडे बघायचं. बायका स्वयंपाक करता करता पोरं सांभाळतात."

"हे तसं नाहीये. मधेच उठता येत नाही."

"का? ऑपरेशन करतेस?" दादा हसला. तो वाईट माणूस नव्हता. हसला की अगदी त्यांच्या वडिलांसारखा दिसायचा, आणि तीच पंचाईत होती. "चित्रातले लोक ते. मेले तर परत उठतात, तूच सांगितलंयस मला. आई उठणार आहे का परत?"

या वाक्याला उत्तर होतं. पण ते सापडायच्या आत तिच्या तोंडून दुसरंच बाहेर पडलं. "बरं. नको येऊस. बघते मी."

"शहाणी गं माझी," असं म्हणून दादा आईला तोंड दाखवून चार मिनिटांत निघूनही गेला.

तिनं हेडफोन पुन्हा घातले. एरवी या वेळी कानात मासळी बाजार भरलेला असायचा. आज शुकशुकाट होता.

मग लोहार खाकरला. "जळूताई, माइक चालू होता तुमचा."

तिनं टेबलाकडे बघितलं. माइकचा हिरवा दिवा जळत होता. चोवीस वर्षांत तिनं रक्ताची एक पिशवी नाव दोनदा न वाचता हातावेगळी केली नव्हती आणि इथे एक बटण दाबायला विसरली होती.

"आम्ही फारसं काही ऐकलं नाही हो," ठिणगी घाईघाईनं म्हणाली.

"सगळं ऐकलं," बगळा सर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "अथपासून इतिपर्यंत."

"तुमचे दादा आपल्या सासरेबुवांना भारी आहेत," ठिणगी म्हणाली. "बुवा निदान ओरडण्याआधी हात तरी वर करतात."

दोघंतिघं हसली. ती नाही हसली. मग लोहारानं शक्य तितक्या हळुवारपणे सांगून टाकलं, "ताई, मी काय म्हणतो, घरचं आधी. पुढच्या रविवारपुरता आपण दुसरा वैद्य बघू. माझ्या ओळखीत एक आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नंतर याच परत, जागा तुमचीच आहे."

त्या दिवशी दोन प्रयत्न झाले. दोन्ही वेळा आईनं हाक मारली, दोन्ही वेळा ती उठली, आणि साडेचारलाच सगळे आपापल्या वाटेनं गेले.

सोमवारी कामावर ती काचेच्या नळ्यांपुढे बसली आणि मनाशी हिशेब मांडू लागली, की नेमकं काय खुपतंय. दादाचं बोलणं? ते नवं नव्हतं. चित्रातले लोक, या वयात, पोरखेळ, हा सगळा पाढा तिला पाठ होता. खुपत होतं ते निराळंच. टोळीतल्या अकरा जणांनी तिला फक्त एकाच आवाजात ऐकलं होतं. "लोहार, मागे. ठिणगी, थांब. ठिपका सरांवर. काढला." या आवाजावर ते विसंबून होते. त्याच अकरा जणांनी काल तिला चाळीस सेकंदांत शेपूट घालताना ऐकलं. अपमान दादानं केला नव्हता. तो तिचा तिनंच केला होता, आणि माइक चालू ठेवून.

आणि दादाच्या त्या वाक्याचं उत्तरही सापडलं. चित्रातले लोक मेले तर परत उठतात, हे खरं. पण रविवारी तीन वाजता गाडी बाजूला लावून वाट बघणारा ट्रकवाला चित्रातला नव्हता. नव्या सासरी 'मला तीन तास कुणी हाक मारू नका' असं सांगून खोलीचं दार लावून घेणारी मुलगी चित्रातली नव्हती. त्यांचे तीन तास वाया गेले की ते परत उठत नव्हते.

पेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांना हिच्या खेळाचं माहीत होतं आणि कौतुकही होतं. हिनं थोडक्यात सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, मग त्यांना सांग ना की याचा फायदा असतो. मेंदू तल्लख राहतो, हातांना वेग येतो, एकटेपणा जातो. मी तुला चार शोधनिबंध देते."

"नको," ती म्हणाली. "माझ्या बाबतीत तसं होतं का ते मी मोजलेलं नाही. आणि मी त्यासाठी खेळत नाही."

"मग कशासाठी?"

"आवडतं म्हणून."

डॉक्टरीणबाई वाट बघत राहिल्या, पुढे काही येईल म्हणून. काही आलं नाही. दादा रविवारी खुर्चीत घोरतो ते मेंदू तल्लख राहावा म्हणून नव्हे, आणि त्याला कुणी शोधनिबंध मागत नाही, हे ती मनात म्हणाली. नळीतलं रक्त हलवून बघितलं. गुठळ्या नव्हत्या. जुळत होतं. तिनं नाव वाचलं, मग शेजारणीला ऐकू जाईल असं मोठ्यानं पुन्हा वाचलं आणि सही केली.

रक्तपेढीत एक शिस्त होती. चुकीचा अहवाल बाहेर गेला, तर चूक लक्षात आल्या क्षणी फोन उचलायचा. चूक कशी झाली, कुणामुळे झाली, हे नंतर. आधी एवढंच सांगायचं, की तो अहवाल रद्द समजा, बरोबर असा आहे. आपण मूर्ख दिसतो, ते दिसायचं. तिनं आयुष्यात दोनदा असा फोन केला होता.

दुपारच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून तिनं तिसरा केला.

"दादा, काल मी 'नको येऊस' म्हणाले ते चुकीचं होतं. ते रद्द. रविवारी तीनला ये. तीन म्हणजे तीन. आणि सहापर्यंत थांब."

पलीकडचा फोन स्पीकरवर होता हे तिला लगेच कळलं, कारण पुढचा आवाज वहिनीचा आला. "वन्सं, राग मानू नका हं. पण लोकांना आम्ही काय सांगायचं? नणंदबाई घरी राक्षस मारत बसतात, म्हणून आमचे हे रविवारी घरी नसतात?"

"तेच सांगा, वहिनी. खरं आहे ते."

"बघा, काय बोलतात."

"फक्त मी मारत नाही. मी वैद्य आहे. मारणारे वेगळे आहेत."

दादानं फोन ओढून घेतलेला ऐकू आला. "चिमे, डोकं ठिकाणावर आहे का? आईपेक्षा तुला खेळ मोठा झाला?"

"आईचे आठवड्यातले बाकीचे तास मी आणि बाई बघतो. तुझ्याकडे तीन आहेत. मी तुला चौथा मागत नाहीये."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर तीन ते सहा आई एकटी असेल. मी दार लावून बसेन. तू ठरव."

खरोखर तसं करता येईल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आवाज मात्र हलला नाही. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं तिनं नळ्यांना हात लावला नाही.

संध्याकाळी तिनं टोळीला एका ओळीचा निरोप टाकला: दुसरा वैद्य नको, मी आहे. लोहारानं अंगठा पाठवला. ठिणगीनं सतरा अंगठे पाठवले.

शेवटच्या रविवारी दादा तीनला चार मिनिटं कमी असताना आला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. तिनं त्याच्या हातात एक कागद ठेवला. चारची गोळी कुठली, चष्मा कुठे असतो, वॉकर कसा द्यायचा, बाथरूममध्ये कुठे उभं राहायचं, सगळं एकाखाली एक.

"वाच."

"वाचतो नंतर."

"आता. मोठ्यानं."

"मी काय तुझ्या हाताखालचा शिकाऊ आहे?"

"वाच, दादा."

त्यानं वाचलं. शाळेत उभं केल्यासारखं, भिंतीकडे बघत, पण शेवटपर्यंत. ती आपल्या खोलीत गेली, दाराला कडी घातली, बसली, माइकचं बटण दोनदा तपासलं.

पहिला प्रयत्न पुलाच्या अर्ध्यावर संपला. दुसरा त्याच्याही पुढे गेला. तिसऱ्यात सगळं जमत चाललं होतं. सासरेबुवांचा जीव चाळीस टक्क्यांवर आला होता, तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली.

"चिमे."

तिचे पाय आपोआप जमिनीवर टेकले. पडद्यावर लोहाराच्या अंगावर काळा ठिपका पडला. एक. दोन. "काढला," ती म्हणाली, आणि पाय परत मागे घेतले.

"चिमे, अगं ये गं."

"काय हवंय, आई?" दादाचा आवाज.

"तू नको. चिमीला बोलाव."

मग दारावर थाप. "चिमे, ती तुलाच बोलावतेय."

तिनं माइक बंद केला. "तू आहेस ना तिथे."

"अगं, तिला बाथरूमला जायचंय."

"मग ने. वॉकर दे, मागे उभा राहा. दंड धरू नकोस, चिडते ती."

"मी कसा नेऊ? बाईमाणूस आहे ती."

"आई आहे."

बटण दाबलं. "सर, ठिपका तुमच्यावर. काढला. ठिणगी, दोन पावलं मागे." डोळे पडद्यावर होते, पण कान भिंतीला चिकटले होते. वॉकरचे पाय फरशीवर घासत गेले. आई काहीतरी फणकारली. दादा म्हणाला, "हळू, हळू, मी आहे." बाथरूमचं दार लागलं. काही पडल्याचा आवाज येतो का, हे ती ऐकत होती. आवाज आला तो बादलीचा. मग दादाचं "अरे देवा". मग आईचं "तरी सांगत होते". धडधाकट आवाज होता. कुणी पडलं नव्हतं.

"अकरा टक्के," बगळा सर पुटपुटले.

नऊ. सहा. तीन टक्क्यांवर सासरेबुवांनी हात वर केला आणि ठिणगी मागे जाण्याऐवजी पुढे गेली. पुलाचा तुकडा निसटला आणि तिच्यासोबत पाच जण दरीत गेले. दहा सेकंदांत सगळं आटोपलं.

"माझं चुकलं," ठिणगी रडवेली झाली होती. "शप्पथ, माझा हातच फिरला."

जळूताईला हसू फुटलं. इतक्या जवळ येऊन बुडालं होतं, आणि चूक या वेळी तिची नव्हती. "होतं असं," ती म्हणाली. "पाच मिनिटं. पाणी पिऊन या सगळे."

ती बाहेर आली. आई खाटेवर टेकून बसली होती, केस विस्कटलेले. दादाची बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि तो टॉवेल हातात धरून उभा होता, कुठे ठेवायचा ते न कळून.

"हाक मारली मी," आई म्हणाली.

"ऐकली."

"आली नाहीस."

"नाही आले."

"खेळत होतीस?"

"हो, आई. खेळत होते."

यापुढे काहीतरी जोडायची जागा होती. दमले होते, महत्त्वाचं होतं, लोक खोळंबले होते. तिनं काही जोडलं नाही. आईनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिला ते लागलं. पण लागलं म्हणून ती तिथे बसली नाही.

"याला काही येत नाही," आई भिंतीला म्हणाली.

"शिकेल. तू सांग त्याला."

दादानं घड्याळाकडे बघितलं. चार पंचवीस. "अजून किती?"

"सहापर्यंत. गोळी दिलीस?"

त्यानं खिशातून कागद काढला, बोट ठेवून ओळ शोधली आणि गोळ्यांच्या डब्याकडे गेला.

ती उभ्याउभ्या पेलाभर पाणी प्यायली, खोलीत गेली आणि कडी घातली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी घातली. पडद्यावर अकराही जण पुलाजवळ येऊन उभे होते.

"आईंचं सगळं ठीक?" लोहारानं विचारलं.

"दादा बघतोय," ती म्हणाली. "चला. उठवा सासरेबुवांना."